चाकूच्या पाठीवरचे वळ

१८ मार्च १९७१
गणपतने चाकू परत आणून दिला. शिमग्याला नेला होता, कळकाच्या कामट्या सोलायला. ओट्यावर ठेवला नि वळला. चहा घे म्हटलं तर "नगं, गहू कापायचा पडलाय." चहाला नाही म्हणणारा ग. मी साठ वर्षांत पाहिलेला नाही.
उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं. "विळा लागला" म्हणाला. मी विचारायच्या आधीच.

१९ मार्च
दुपारी चाकू पुसायला घेतला. दादाचा. पलटणीतून रजेवर आला तेव्हा दिलेला. पुढच्या खेपेला दादा आला नाही, त्याची पेटी आली. मिटला की मुठीत मावतो. उघडताना टक्क करी. कवितेच्या तासाआधी पेन्सिलींना टोकं करायला काढला की त्या आवाजासरशी वर्ग गप्प. काय दिवस ते.
आज आवाज नाही. खटका ढिला. आणि पात्याच्या पाठीवर, धार नसते त्या बाजूला, चेचल्याचे चार-पाच वळ. हातावर छडीचे उठतात तसे.
म्हणजे लाकडावर पातं टेकवून वरून सोटा हाणलाय. मिटत्या चाकूने लाकूड फाडायचं! सगळा घाव खिळीवर. कुणाचं काम म्हणायचं? नेला होता एकानेच.

२१ मार्च
अंघोळ करताना सुचलं, विसरायच्या आत लिहितो. गहू कापताना ताटांची मूठ डाव्या हातात, विळा उजव्यात. लागला तर डाव्याला लागेल. ग. डावरा नाही, दुसरीपर्यंत माझ्या मांडीला मांडी लावून पाटी गिरवलीय त्याने. मग उजवी बोटं कशी कापली? हातातला चाकू मिटला तर मात्र नेमकी तिथंच, आतल्या अंगाने.
खोटं बोलला माझ्याशी.

२३ मार्च
एस.टी.च्या थांब्यावर गाठला.
"ठोकलास ना चाकू?"
"न्हाई."
"मग पाठीवर वळ कसले?"
"मला काय इचारतो मास्तर? चाकू तुजा."
"आणि बोटं?"
"विळा म्हनलं ना. आता पंचनामा करतोस का?"
पिंपळाखालचे दोघे हसले. त्या हसण्याने मी बिघडलो. दादाची वस्तू, मागून न्यायची, मोडून आणायची, वर खोटं बोलायचं... जरा मोठ्याने झालं असावं. त्याने टोपी झटकली, गाडीची वाट न बघता चालू लागला.
बरं झालं. बोलायलाच हवं होतं.

२७ मार्च
चार दिवस फिरकला नाही. सून म्हणते, "मामंजी, गणपततात्या येईनात ते? रुसलासा का काय दोघं?" मी पेपर वाचतोय असं दाखवलं. पेपर परवाचा होता.
संध्याकाळी ओट्यावर तिसरीतली पावसाची कविता म्हणून बघितली. दुसऱ्या कडव्याशी अडलो. तिथं नेहमी ग. पुढची ओळ धरतो. आता त्याला वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून माझ्या निम्म्या कविता त्याच्यापाशी आहेत.
एक शंका. राईत तर फाडलं नसेल लाकूड? देवीच्या राईत कुऱ्हाड-कोयता न्यायचा नाही. पडलेलं लाकूड घ्यायचं, तेही नैवेद्याच्या चुलीपुरतं. घडीचा चाकू खिशात चालतो, त्याला कुणी हत्यार धरत नाही. तेवढी पळवाट. म्हणजे ग.ने देवीचं लाकूड... छे. पण माणसाचं सांगवत नाही.
चैत्री पुनव चौदा दिवसांवर. नैवेद्य दरसाल आम्ही दोघांनी शिजवायचा. यंदा

३ एप्रिल
भोरला गेलो. बाजारातल्या लोहाराने पातं उन्हात तिरकं धरलं.
"गुरुजी, खटका पार गेलाय. कुनाची तरी बोटं घेईल ह्यो."
घेतली, म्हटलं. हे वळ महिन्याभरातले ना?
हसला. "म्हैना? आत गंज बगा, काळा पडलाय. पावसाळा खाल्लाय ह्येनं. गेल्या सालचं काम हाय."
गेल्या साली चाकू माझ्या खिशातून हलला नव्हता.
एस.टी.त कापूरहोळपर्यंत उभ्याने आलो. जागा होती. बसावंसं वाटलं नाही.

४ एप्रिल
गेल्या सालची वही काढली. चैत्री पुनवेचं पान. माझंच अक्षर, उतरवून ठेवतो:
'काल वळीव. राईतलं सगळं लाकूड ओलं. गाभा कोरडा असणार, पण कुऱ्हाड नाही. पडलेल्या फांदीवर चाकू टेकवून वर सोटा हाणला. ग. म्हणे, मास्तर नगं, मिटतं पातं हाय, खीळ जाईल. मी कविता म्हणत होतो. ठेक्यात घाव. ढलप्या सुरेख निघाल्या. जाळ काय धरला!'
मी विसरलो. नंतर शिमग्यापर्यंत चाकू उघडलाच नव्हता. तो विसरला नसणार.
मग थांब्यावर का बोलला नाही? चारचौघांत एक वाक्य पुरे होतं. मला सांभाळलं? की माझ्याच तोंडून कधी निघतं ते बघत बसलाय?

७ एप्रिल
ग.च्या दारापर्यंत गेलो. तो रानात. त्याची बायको: "या की भावजी. हात सुजलाय, पर घरात बसत्यात का?"
सहज आलो होतो, म्हटलं. विळा जपून धरायला सांगा. असं म्हणालो मी!
"कसला इळा?" म्हणाली. आणि एकदम चुलीत फुंकायला लागली.
चूल पेटलेलीच होती.

१० एप्रिल. चैत्री पुनव
राईत पोचलो तर तीन दगड मांडलेले, ग. गुडघ्यावर काटक्या मोडतोय. उजवी दोन बोटं वर धरून. मी तांदूळ धुतले. एक फांदी जाड होती, मोडेना.
"गणपत" म्हटलं. त्याने मान वर केली. वाक्य तयार होतं, चढ चढताना तीनदा घोकलेलं.
तेवढ्यात तोच म्हणाला, "चाकू आनलास का मास्तर?"
साधं विचारलं की पारखलं, अजून कळत नाही.
चाकू खिशात होता. "नाही" म्हणालो.
त्याने खिशाकडे पाहिलं. मग ती फांदी तशीच अख्खी चुलीत सारली. बराच वेळ नुसता धूर.
धुरातच त्याने तिसरीतली ती कविता काढली. दुसऱ्या कडव्यापासून. पहिलं म्हणायचं काम माझं असतं.