नवहर्ष मार्टमधलं वारं

कोल्हापूर, शुक्रवार
(जेवणाच्या सुट्टीत, गोदामात तेलाच्या डब्यावर बसून)

ती. बनाक्काच्या पायावर धाकट्या शालूचं डोकं. दाजींना रामराम सांग, आणि मोठ्यानं सांग, नायतर मागाच्या खडखडाटानं बसलेल्या त्यांच्या कानाला रामराम बी ऐकू यायचा न्हाय. तुझा गुडघा कसा हाय? मी दिलेलं तेल लावतीस, का कपाटात जपून ठेवलंयस? चांगली वस्तू दिसली की पावण्यांसाठी ठेवायची तुझी खोड मला ठाऊक हाय, पण गुडघ्याचं तेल तू कुठल्या पावण्याला लावणार हाईस? राजनंदिनी बरी हाय न्हवं? बारावी झाल्यापास्नं घरात बसून पोरगी कटाळली असणार. आम्ही इकडं बरं हाय असं लिहायची पद्धत हाय, म्हणून लिहिते.

तू म्हणशील, बुधवारी तर फोनवर बोलणं झालं, एक तारखेपास्नं राजनंदिनीनं आमच्या नवहर्ष मार्टमधे कामाला लागायचं ठरलं बी, आता हे पत्र कशाला? तर आधीच सांगते, तिला पाठवू नको. का ते खाली लिहिलंय, सगळं वाच, मधलं गाळू नको (तू पोथी वाचताना बी मधलं गाळतीस, आई सांगायची). हे पत्र आमच्या मार्टचा टेम्पोवाला फक्रुद्दीन घेऊन येईल, तो शनिवारी माल घेऊन इचलकरंजीला येतोय. त्याला च्या दे, पण काय विचारू नको. माणूस आधीच हादरलाय.

मार्टमधे एसी हाय, बसायला न्हाय, हे तुला माहीत हाय. तुला माहीत न्हाय तो 'हर्षघोष'. गेल्या दिवाळीनंतर हेड ऑफिसनं वरनं हुकूम काढला की माणसं आनंदी पायजेत. म्हणजे रोज सकाळी पावणेदहाला, शटर वर जायच्या आधी, साबण आणि डाळींच्या मधल्या बोळात आम्ही एकवीस जणांनी गोल उभं ऱ्हायचं. तीन टाळ्या, एक उडी. मग मॅनेजर विश्वजित ओरडणार, आज कसं वाटतंय? आम्ही म्हणायचं, प्रफुल्लित! प्रफुल्लित! अतिप्रफुल्लित! (झाडलोटीला असणाऱ्या झुंबरबाईच्या कवळीतनं हा शब्द एकदा बी आख्खा बाहेर पडला न्हाय.) गोलात न्हाय आलं तर अर्ध्या दिवसाचा खाडा. विश्वजित कसबा बावड्याचा, चांगल्या घरचा पोरगा. पयल्या दिवशी त्यानं हात वर करून आरोळी ठोकली आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडातनं आपसूक 'चांगभलं!' बाहेर पडलं. कोण हात वर करून ओरडलं तर कोल्हापूरच्या माणसानं दुसरं काय म्हणायचं गं? हेड ऑफिसातली मॅडम कॅमेऱ्यातनं बघायलीवती, तिनं अर्थ विचारला. विश्वजितनं 'ग्राहकाचं समाधान' असं सांगून वेळ मारून नेली.

तो कॅमेरा नुसता बघत न्हाय, आनंद मोजतोय. किती दात दिसले, उडी किती उंच, आवाज किती, सगळं धरून शंभरातले मार्क देतोय. आमचे एकसष्ट. आणि सांगलीच्या दुकानाचे किती, तर ब्याऐंशी! आता बाकी काय बी सोसलं असतं, पण सांगली? विश्वजितचं तोंड एवढंसं झालं. मग फक्रुद्दीननं तेलाचा मोकळा डबा उचलला आणि त्यावर हलगी धरली. (मोहरमात लहानपणापास्नं वाजवून वाजवून त्याचा हात बसलाय, डब्यातनं सुद्धा असा ठेका काढतोय की तुझ्या गुडघ्यानं बी उडी मारली असती.) दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर, तिसऱ्या दिवशी एकोणऐंशी. आम्हाला चेव चढला. झुंबरबाई तेवढी मागं सरली. तिच्या अंगात दर सालाला यात्रेत देवी येती, तिला त्यातलं कळतंय. ती म्हणाली, "मढ्यानो, डबा थांबवा. गोल धरलाय, टाळ्या चालल्यात, उड्या चालल्यात, आणि बोलवायलाय कुणाला ते माहीत न्हाय. कोणतरी यायलंय." आम्ही हसलो. झुंबरबाईचं वाक्य शिवीशिवाय पुरं होत न्हाय, आणि तिच्या तोंडची शिवी म्हणजे माया, म्हणून कोण मनावर घेत न्हाय.

पाचव्या दिवशी तिच्याच अंगात वारं आलं. पण आक्का, यात्रेतलं वारं तू बघितलंयस, केस सुटतात, घुमतात, किंचाळतात. हिचं तसलं काय न्हाय. एकदम गप झाली, पाठीचा बाक सरळ झाला, हात जोडले, मान जराशी एका अंगाला कलली, आणि हसली. तसंच हसत ऱ्हायली. पापणी लवली न्हाय. मला वाटलं देवी, म्हणून मी सात नंबरच्या रॅकवरनं हळदीकुंकू घेऊन पुढं झाले आणि आपल्यात विचारतात तसं विचारलं की बाई कोण तू, कुठनं आलीस? तर ही झुंबरबाई, जिनं शाळेचं तोंड बघितलं न्हाय, ती विमानातल्या बाईगत मऊ आवाजात म्हणाली, "नवहर्ष परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. आज साडेअकरा वाजता बावीस क्रमांकाच्या रॅकवरील लोणच्याची बरणी फुटेल. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." साडेअकराला आम्ही सगळी लांब उभं ऱ्हायलो. बरणीला कुणाचा हात लागला न्हाय. ती पडली बी न्हाय, जागच्या जागी तडकली, आणि तेल हळूहळू खाली उतरलं. त्या दिवशी आम्हाला शंभरपैकी शंभर. हेड ऑफिसनं केक धाडला. झुंबरबाईला पयला घास भरवला, तो तिनं हसत हसत तोंडात धरून ठेवला, गिळला न्हाय. दुपारी भानावर आल्यावर थुंकली आणि कुठल्या रांडेनं माझ्या तोंडात साबण घातला म्हणून ओरडली, तवा आमच्या जिवात जीव आला.

फक्रुद्दीननं डबा फेकून दिला. काय उपयोग झाला न्हाय, वाऱ्याला वाट सापडली होती. पयल्यांदा वारं तासाभरानं उतरायचं, मग दुपारपर्यंत ऱ्हायला लागलं, मग ते तिच्याबरोबर घरी गेलं. पंधरा दिवस झुंबरबाईनं एक शिवी दिली न्हाय. तिची सून प्रियदर्शनी माझ्यापाशी येऊन रडली, म्हणाली, मावशी, आत्या (सासूला ती आत्या म्हणती) मला जेवताना विचारत्यात, अजून काही मदत हवी आहे का? (झुंबरबाईचा नवरा तेवढा खूश. आयुष्यात पयल्यांदा त्याला कोण 'आपण' म्हणालं.) तू म्हणशील, काम सोडायचं की. लेकानं तिला चार दिस घरात ठेवून बघितली. पावणेदहा वाजले की भिंतीकडं तोंड करून तीन टाळ्या, एक उडी. भिंत बघून हसायची. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही तिला नरसोबाच्या वाडीला नेली. तिथं रांगेत एक बाई घुमत होती, चांगली धिप्पाड, चौघांना आवरत नव्हती. तिनं झुंबरबाईकडं बघितलं, गपकन गप झाली आणि नवऱ्याच्या पाठीमागं लपून बसली. झुंबरबाईनं हात जोडून सगळ्यांना कृपया एका रांगेत या म्हणून सांगितलं, आणि आक्का, माणसं आली की एका रांगेत.

शेवटी मीच परत विचारलं, गोलात, सगळ्यांसमोर. काय पायजे तुला? नारळ देऊ, लिंबू देऊ, कोंबडं कापू? ती म्हणाली, "आम्हाला काहीही नको. केवळ संख्या कमी होऊ नये. ज्या सदस्यास मुक्त व्हायचं असेल, त्यांनी आपल्या घरातील एक सदस्य आनंदानं सुचवावा." प्रियदर्शनी दुसऱ्याच दिवशी आली. सासूसाठी आली, कुणाला विचारलं बी न्हाय. तिनं गोलात पाय ठेवला, तीन टाळ्या झाल्या, आणि झुंबरबाई डोळं चोळत म्हणाली, मी हितं काय करायलोय? मग तिला सून दिसली. हात जोडलेली, मान कललेली. आता झुंबरबाई एकदम ठणठणीत हाय, आणि रोज सकाळी बंद शटरच्या बाहेर उभी ऱ्हाऊन आख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा शिव्या घालती, कंपनीला, कॅमेऱ्याला, आम्हाला, स्वतःला. शटर वर गेलं की काचेच्या आतनं सून तिला म्हणती, पुन्हा अवश्य भेट द्या. लाडकी सून हो, मुलीसारखी केलीवती तिनं. मला ते बघवत न्हाय.

पण ते वारं एकट्या सुनेवर थांबलं न्हाय, ह्या मंगळवारी माझी बी पाळी आली. पयली टाळी वाजवल्याचं आठवतंय, त्यानंतर एकदम दुपारचे दोन. मधले चार तास मी बिलिंगच्या काउंटरवर होते, आणि लोक सांगतात, लय भारी होते. पाय दुखत नव्हते, गाल तेवढे दुखत होते. संध्याकाळी आमच्या ह्यांना भाजी वाढली आणि मी म्हणे त्यांना म्हणाले, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ते ताट तसंच ठेवून कट्ट्यावर जाऊन बसले. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांचा अभिप्राय मी कधी विचारला न्हाय.

आता बुधवारच्या फोनचं. फोन ठेवता ठेवता मला ऐकू आलं, तू राजनंदिनीला म्हणालीस, मावशी आज किती गोड बोलली गं. आक्का, चव्वेचाळीस वर्षांत मी तुझ्याशी कधी गोड बोललेय का? तवाच तुझ्या डोक्यात उजेड पडायला पायजे होता. पोरीला पाठव, एसी हाय, माणसं घरच्यासारखी हाईत, मी हाय की तिच्यावर लक्ष ठेवायला, असं जे कोण बोललं ती मी नव्हते. माझ्या तोंडानं ते वारं बोललं. म्हणून आता फोन करत न्हाय. तोंडाचा भरवसा ऱ्हायला न्हाय. हात अजून माझा हाय, अक्षर बघ, तेच कोंबडीचं.

तवा राजनंदिनीला पाठवायचं न्हाय. तिला सांग, मावशी म्हणाली, घरात कटाळा आला तर कटाळा कर, तो तुझा तरी हाय. गुडघ्याला तेल लाव. दाजींना परत एकदा मोठ्यानं रामराम.

तुझी,
शालू

ता. क. फक्रुद्दीनबरोबर स्टीलचा डबा परत धाड, चटणीचा न्हाय, मोठा. आणि महत्त्वाचं म्हणजे, एक तारखेच्या आधी माझ्या आवाजात परत कोणाचा फोन आला, कितीबी गोड बोललं, तरी ठेवून दे.

ता. क. दुसरं. शनिवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. आक्का, वर एक खोटं लिहिलंय. बुधवारी फोनवर बोलले ती मीच होते. त्या वेळी माझ्या अंगात काय सुद्धा नव्हतं, घरी ओट्यापाशी उभी होते, कुकरची शिट्टी बी मला ऐकू आली. झुंबरबाई मोकळी झालेली मी डोळ्यानं बघितली होती. मंगळवारचे माझे चार तास कुठं गेले ते कळत नव्हतं, आणि मला भ्या वाटलं, आई गेली तवा सुद्धा वाटलं नव्हतं एवढं भ्या. घरातला एक सदस्य द्यायचा, तर मला लेकरू न्हाय, तुझं हाय. म्हणून पंधरा मिनिटं मी तुझ्याशी गोड बोलले, आणि बोलता बोलता कळलं, गोड बोलायला मला कुठल्या वाऱ्याची गरजच पडली न्हाय. तू मला माफ कर म्हणत न्हाय मी. माझ्या तोंडावर येऊन काय बोलायचं ते बोल, पण एकटी ये. फक्रुद्दीन गाडी चालू करून उभा हाय, विश्वजित गोल धरायला हाका मारायलाय, पावणेदहा झाले. पोरीला पाठवू नको. माझी जागा मीच भरते.