कलिंगड दुसऱ्याच बाजूला होतं

प्रिय सुमिएताई,

मागच्या पत्रात रीतीप्रमाणे आधी ऋतूबद्दल एक अक्षर न लिहिता मी थेट मोजे मागितले म्हणून तू रागावली होतीस. तेव्हा आधी ऋतू: इथे बेटावर उन्हाळा समुद्रावर आडवा पसरलाय, झाडांतले किडे सकाळपासून एकच सूर धरून बसतात, आणि दुपारी पलीकडचा किनारा असा काही विरघळतो की तो खरंच आहे की कुणी सांगितलं म्हणून आपण धरून चाललोय, ते कळत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला? (याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल. सहज विचारलं.)

आमच्या शाळेत सातच मुलं, हे तुला ठाऊक आहे. येत्या मार्चमध्ये शाळेला कुलूप लागणार आणि सातही जण रोज बोटीने पलीकडच्या चारशे मुलांच्या शाळेत जाणार. सहा जणांची मला काळजी नाही. ते पहिल्याच दिवशी कुणाशी तरी भांडतील आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यातलं खातील. काळजी आहे ती पाचवीतल्या कोझुएची. पोरगी हुशार, हसरी, पण बोलत नाही. काही विचारलं तर उत्तर येतं, पण इतक्या उशिरा आणि इतकं हळू की तोवर वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो. तिचे आजोबा तोमेझो जाळं विणता विणता मला म्हणाले, "सर, इथे आम्ही तिच्या तोंडाकडे बघून ओळखतो. तिकडे कोण बघत बसणारे?" ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. लहानपणी दुकानात, दवाखान्यात, वर्गात माझ्या वतीने कोण बोलायचं, हे तुला सांगायला नको.

म्हणून मी शहरात जाऊन दोन दिवसांचं शिबिर केलं. विषय होता खेळांतून सहकार्य आणि संवाद. (प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय. दमट हवेने त्याची गुंडाळी होत चाललीय.) परत आल्यावर तिचा आणि रेंतारोचा एकेक पाय पट्टीने एकत्र बांधून दोघांना पळायला लावलं. रेंतारो म्हणजे आमच्या बेटाचा भोंगा. तो "एक, दोन" ओरडत सुटला. कोझुएने खाली वाकून शांतपणे गाठ सोडली, पट्टीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग सातही जणांनी एका वर्तमानपत्रावर उभं राहायचं, कागद दर वेळी अर्धा दुमडायचा, असा खेळ घेतला. बाकीचे एकमेकांना धरून, किंचाळून, गळ्यात पडून टिकले. कोझुए पहिल्याच घडीला खाली उतरली, इतरांना जागा व्हावी म्हणून. शिबिरात या अडचणीवर काहीच शिकवलं नव्हतं.

शेवटी सुट्टीच्या आदल्या दिवशी मी किनाऱ्यावर कलिंगड फोडायचा खेळ ठरवला. डोळ्यांवर पट्टी बांधून काठी घेणार मी, वाट सांगणार मुलं. नियम माझा: एका वेळी एकानेच बोलायचं आणि पाळी सगळ्यांची. म्हणजे कोझुएला सुटका नाही. मला तीनदा गरगर फिरवलं आणि ताई, चमत्कार झाला. दप्तर कुठे ठेवायचं यावर ज्यांचं कधी एकमत झालं नाही, ती पोरं ओळीने, शहाण्यासारखी बोलू लागली. "दोन पावलं पुढे, सर." "जरा डावीकडे." "अस्संच सरळ." माझा ऊर भरून आला. पायाखालची वाळू ओली लागली तेव्हा वाटलं, कलिंगड गार राहावं म्हणून पाण्याजवळ ठेवलं असेल. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हाही मी मुलांवर विश्वास ठेवायचं ठरवलं. (हेही शिबिरातलंच.)

मग आवाज थांबले. मी कोमट पाण्यात काठी धरून उभा राहिलो. पट्टीतून ऊन तांबूस झिरपत होतं, लाट यायची, मला थोडं उचलायची, परत ठेवायची. आई आपल्याला अंघोळ घालताना डोळे मिटून घ्यायला सांगायची, ते आठवलं. खरं सांगतो, परत यावंसं वाटेना.

"सर, हलू नका."

हा आवाज मी ओळखला नाही. तो किनाऱ्यावरून खणखणीत आला होता. "उजवीकडे जेलीफिश आहे. मोठा आहे. डावा पाय मागे घ्या. अजून एक. थांबा, लाट येऊ दे. आता वळा. माझ्या आवाजाकडे या." आणि कोझुएने मला पाण्यातून काढलं, वाळूवरून नेलं, कलिंगडासमोर उभं केलं आणि म्हणाली, "मारा." मारलं. बरोब्बर मधोमध.

तिचा घसा बसला होता. तोमेझो आजोबा हातातलं जाळं तसंच टाकून आले होते. मीठ लावलेली फोड घेऊन आमच्याकडे पाठ करून बसले आणि फार वेळ नुसत्या बिया काढत राहिले. मार्चची भीती आता थोडी कमी झालीय, त्यांची आणि माझीही.

तुझा भाऊ,
कानामे

ता. क. रेंतारोच्या पोटात काही राहत नाही. मला समुद्रात घालायचा बेत कोझुएचाच होता. वाळूत नकाशा काढून, कुणी कोणतं वाक्य कधी म्हणायचं, हे तिने प्रत्येकाच्या कानात सांगून तीन दिवस तालीम घेतली. (माझं शिबिर दोनच दिवसांचं होतं.) जेलीफिश तेवढा बेतात नव्हता. प्रमाणपत्र उतरवून तिलाच द्यावं म्हणतो.

आणखी एक. मोजे नकोत. ओबोनला सगळ्यांचे पितर घरी येतात, तशी आईही येईल, तेव्हा मीही येतोय. आपलं तोफूचं दुकान मी पुढे चालवणार नाही म्हटल्यापासून बाबा आणि मी तीन वर्षांत एकही वाक्य बोललो नाही. या वेळी माझ्याऐवजी तू बोलू नकोस. फक्त माझ्या मागे उभी राहा, आणि मी पाण्यात चाललोय असं दिसलं की हळूच सांग.