अकोल्याचे घर आणि त्यातली वच्छला

मी, विमल हरिहर पांढरीपांडे, वय ७४, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा पुष्कर याला त्याविषयी जुनी शंका आहे.

१. अमरावतीचे माझ्या नावावरचे राहते घर मुलगी देवश्री हिला द्यावे. तिने ते कधी मागितले नाही. पुष्करने मात्र ते पाडून फ्लॅट बांधायचे नकाशे मला दर दिवाळीला दाखवले. नकाशे त्याचे त्याला परत करावेत.

२. भातकुलीकडचा भूखंड पुष्करला. तो घ्यायला त्यानेच लावले होते. मी निवृत्त झाले तेव्हा म्हणाला, "आई, पैसा बँकेत झोपून राहतो, जमिनीत घाल." दलाल शेखर आम्हाला भर मे महिन्यात घेऊन गेला, पोहे खाऊ घातले, चुन्याच्या रेघा दाखवल्या. पुष्करने दिशा पाहिली, वास्तू पाहिली. रस्ता कोणाच्या नावावर आहे, ते पाहिले नाही. श्रावणात गेलो तर काळ्या मातीने त्याचा नवा बूट ठेवून घेतला आणि वाट आपल्या शेतातली म्हणून शेजाऱ्याने काट्या लावलेल्या. शेखरला फोन केला. तो म्हणाला, "काकू, रस्ता नकाशात हाय ना?"

पुष्कर, हा भूखंड तू खुशाल विक. पण घेणाऱ्याला आधी श्रावणात तिथे ने.

शेखरला त्याचेच रंगीत माहितीपत्रक द्यावे. त्यात पोहण्याचा तलाव आहे. त्याबाबत तो खोटे बोलला नव्हता, श्रावणात असतो.

३. अकोल्याचे घर. भूखंडाने पोळल्यावर मी आधीच बांधून तयार असलेले, रस्त्यावरचे घर शोधले. ते स्वस्तात मिळाले, कारण आत वच्छला होती. नवरा वारल्यापासून ती तिथे भाड्याने राहून जेवणाचे डबे पुरवायची. विकणारा म्हणाला, महिन्याभरात निघेल. कागद मी या वेळी वकिलाकडून तपासून घेतले. माणूस कोणी तपासला नाही.

घर रिकामे कर सांगायला मी गेले. तिने ऐकून घेतले, पुढ्यात भाकर आणि वांग्याची भाजी ठेवली आणि म्हणाली, "बाई, घर इकत घेतलं तुमी. मी त्यातलं सामान हाय का?"

मी वकिलामार्फत नोटीस पाठवली. काही दिवसांनी ती एसटीने अमरावतीला, माझ्याच दारात. "तुमी मास्तरीन. हे वाचून द्या. मले मराठी येते, पन हे कोन्ती मराठी हाय?"

मी मोठ्याने वाचू लागले. 'सदर जागेचा ताबा' इथवर आले आणि पुढचे शब्द तिच्या तोंडाकडे बघून उच्चारता येईनात. कागदाची घडी घातली.

"पुढं काय लिवलं?"

"काही नाही. छप्पर गळते का तिथले?"

"गळते."

पुढच्या आठवड्यात मी गवंडी पाठवला. भाडे थोडे वाढवले, ते तिने कधी चुकवले नाही.

गेल्या वर्षी अकोल्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मुले आपापल्या नोकरीच्या गावी. वच्छलाने मला पुढच्या खोलीत ठेवून घेतले आणि भिंतीला धरून चालायला शिकवले. तशात पुष्कर मला भेटायला आला, तो एका बिल्डरला घेऊन. बिल्डर तिला घर सोडायची किंमत विचारू लागला. ती म्हणाली, "मालकीन आत झोपल्या हाय. हळू बोला." पुष्कर त्या दिवशी तिथेच जेवला. बिल्डर उपाशी गेला.

म्हणून हे घर मालकीहक्काने पुष्करला, पण वच्छला हयात असेतो ती तिथेच राहील. तोवर त्याने ते विकू नये, गहाण टाकू नये, भाडे वाढवू नये. भाडे फोनवर न मागवता स्वतः घ्यायला यावे आणि जेवून जावे. बाळा, गुंतवणूक तुला शिकायचीच आहे ना, मग भाडेकरूच्या हातची भाजी खाऊन शीक.

४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवश्रीने करावी.

साक्षीला वच्छलाही सही करायला पुढे आली होती. जिला काही मिळते तिने साक्ष न दिलेली बरी, असे वकील म्हणाले. तेव्हा तिला कळले की तिला काही मिळते आहे. तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "लिवा तुमी. पन मराची घाई करू नका. मोरीचा पाइप फुटला हाय, तो मालकिनीनंच बदलाचा असते."

पाइप उद्या बदलून घेते. वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) विमल हरिहर पांढरीपांडे

साक्षीदार :
१. डॉ. वर्षाली गावंडे (सही)
२. ॲड. श्याम ठोसर (सही)

ठिकाण : अकोला
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५