दोष : अंधार

सोमवार, ३ मार्च

नवा खेळ आला. ‘पाणपहारा’. शहराच्या पोटातली जुनी पाण्याची यंत्रणा, तिथे एकटी उतरलेली एक बाई, हातात पाना. झडपा बंद करत खाली खाली जायचं. संपादकांनी पाकिटावर चिठ्ठी चिकटवली आहे — ‘सर, शुक्रवारपर्यंत. सहाशे शब्द. या वेळी श्लोक नको.’ वयाने माझ्या निम्मे आहेत, पण माझी खोड बरोबर ओळखून आहेत.

सौ.ने चष्मा पुसला, खुर्ची ओढली. मी शेजारी वही घेऊन. डावं पान गुण, उजवं पान दोष. चार वर्षं हीच पद्धत. नाटकांचं पान बंद झालं तेव्हा संपादक म्हणाले, ‘सर, तुम्ही आता व्हिडिओ गेम बघा.’ बघा म्हणाले, म्हणून मी बघतो. खेळणं जमत नाही. पहिल्याच आठवड्यात माझा नायक भिंतीला नाक लावून वीस मिनिटं चालत होता. बावीस वर्षं शाळेची बस हाकलेल्या बाईचे हात वेगळेच! ती खेळते, मी लिहितो, नाव माझं छापतात.

खरं तर मी बघतही नाही. माझं डोकं वहीत. मी तिला ऐकतो. ती शिवी देते, मी तिचं संस्कृत करतो. ‘मेला कुठून उपटला?’ याचं छापील रूप — ‘आघाताची पूर्वसूचना न देणे हा औचित्यभंग होय.’

मंगळवार, ४ मार्च

तिसऱ्या बोगद्यात नऊ वेळा मेली. ‘काय अंधार करून ठेवलाय मेल्यांनी’ — दोष क्रमांक एक.

खुर्ची पुन्हा पुढे सरकलेली दिसली. सतरंजीवर जुन्या पायांचे चार खळगे, त्यांच्या पुढे वीतभर नवे चार. म्हटलं, आता पडद्याच्या मांडीवरच बस. म्हणाली, ‘तुम्ही वही सांभाळा, पंडित.’

गुरुवार, ६ मार्च

लेख दिला. इथे जरा मोकळेपणी लिहितो, कारण ही वही सहाशेवर कापली जात नाही.

या माध्यमाचा खरा गुण एकच — खेळणाऱ्याचे हात अपराधात असतात. रंगमंचावर राजा चुकला की आपण खुर्चीत बसून हळहळतो आणि मध्यंतरात चहा पितो. इथे झडप आपणच उघडी टाकलेली असते. खालची वस्ती बुडते ती आपल्यामुळे. सौ. परवा पाच मिनिटं गप्प बसून होती, एका रंगवलेल्या म्हातारीसाठी. एवढं माझ्या तीस वर्षांच्या नाट्यसमीक्षेत मी कुणालाही गप्प केलेलं नाही.

दोष पुष्कळ. पुनरुक्ती — तीच झडप, तोच पाना, चाळीस वेळा. नऊशे गंजके खिळे गोळा करा म्हणे. का, ते विचारू नका. पात्रं मनातलं सगळं बोलून दाखवतात, ध्वनी म्हणून, न बोलता सुचवावं असं, काही शिल्लक ठेवत नाहीत. आणि मरण फुकट! मेलात की पाटी येते — ‘पुन्हा सुरू करायचं?’ ज्याला परत फिरता येतं त्याच्याबद्दल करुणा कशी वाटावी?

पण सगळ्यात ठळक दोष अंधार. मथळाच तो दिला. ‘निर्मात्यांनी काळोखालाच कलात्मकता समजण्याची चूक केली आहे.’ वाक्य जमलंय.

मंगळवार, ११ मार्च

रविवारी छापून आलं. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर वाचकांच्या प्रतिक्रिया — बावीस. एकवीस माझ्या विरुद्ध. ‘आजोबा, टीव्ही चालू करून खेळा.’ ‘कुठला अंधार? दिवाळं वाजलंय डोक्याचं.’ एकाने नुसतंच हसणारं तोंड पाठवलं, सतरा वेळा. (हीही पुनरुक्तीच.)

बाविसावी कन्येची. तिने लिहिलंही आणि दुपारी तलावावरून फोनही केला. दुसऱ्या शहरात असते, पोरांना पोहायला शिकवते. मागे शिट्ट्या आणि पाण्याचा आवाज. ‘बाबा, एकटी मी तुमच्या बाजूने हां. मलाही त्या तिसऱ्या बोगद्यात काही म्हणजे काही दिसलं नाही.’

शेवटी रक्तच धावून येतं. सौ.ला सांगितलं. ‘लेक कुणाची!’ म्हणाली आणि वळताना टेबलाच्या कोपऱ्यावर कंबर आपटली. या महिन्यात तिसऱ्यांदा. टेबलाचाही दोष लिहायला हवा.

शुक्रवार, १४ मार्च

खेळाच्या निर्मात्यांचं पत्र. अगदी मऊ भाषा, त्यामुळे जास्त झोंबली. सोबत तिसऱ्या बोगद्याचा नकाशा. दर दहा पावलांवर दिवा. ‘हा आमच्या खेळातला सर्वांत उजेडाचा भाग आहे. आपण नेमका कोणता बोगदा पाहिलात?’

संपादकांचा फोन — ‘सर, तुम्ही स्वतः खेळलात ना?’

‘समीक्षक स्वतः नाचत नाही,’ मी म्हटलं.

‘सर, पण बघतो तरी ना?’

 

रविवार, १६ मार्च

सौ. बाजारात गेलेली. मी खेळ लावला. चार वर्षांत प्रथमच वही बाजूला ठेवून पडद्याकडे पाहिलं.

दिवे आहेत. डावीकडे, उजवीकडे, रांगेने. कडेने येणारे ते मासेतोंडे प्राणी तर चांगले दहा पावलांवरून दिसतात, हात हलवत, वरातीसारखे. यात कुणी नऊ वेळा मरणं शक्य नाही. मीसुद्धा दोनदाच मेलो.

ती आली. पिशवी ठेवली. मी सहज विचारावं तसं विचारलं, ‘समोर बघ जरा. डावीकडचा दिवा दिसतोय?’

‘कुठला दिवा?’

‘उजवीकडचा?’

ती मान वळवायला लागली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, सगळी मान. नळीतून बघावं तसं. मग दिवे सापडले तिला. तिने ते एक एक करून मोजले. सहा.

 मग खुर्चीच्या हातावर बोट फिरवत म्हणाली, ‘गुडघा नव्हता हो.’

गेल्या वर्षी गुडघ्याचं कारण सांगून तिने बस सोडली होती. मी निरोपाचं भाषणही लिहून दिलं होतं, दोन सुभाषितांसह. आज कळलं ते असं — शाळेच्या फाटकाशी बस काढताना एक मुलगी दाराच्या बाजूने पुढे आली, आणि हिला दिसलीच नाही. आतली पोरं किंचाळली म्हणून हिने ब्रेक दाबला. मुलगी आणि चाक यांच्यात एक हात अंतर. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही लेख लिहिला असता.’

यावर हसायला हवं होतं. दोघांनाही जमलं नाही.

गुरुवार, २० मार्च

डोळ्यांचे डॉक्टर. बाई आहेत, कमी बोलतात. अंधाऱ्या खोलीत सौ.ला एका घुमटात तोंड घालून बसवलं — ठिपका दिसला की बटण दाबायचं. ठिपके येत राहिले, बटण वाजत नव्हतं. मी शेजारी बसून होतो. गुण एका पानावर, दोष दुसऱ्यावर, अशी वही नव्हती म्हणून हात कुठे ठेवावेत कळेना.

‘कधीपासून?’ डॉक्टरांनी विचारलं. सौ. म्हणाली, लक्षात नाही.

माझ्या लक्षात होतं. घरी जाऊन कात्रणांची फाइल घेऊन आलो. चार वर्षांची समीक्षा, तारीखवार. डॉक्टरांनी खुणा करत वाचली. पहिल्या वर्षी — ‘रात्रीची दृश्यं अनावश्यक गडद.’ दुसऱ्या — ‘नकाशा कोपऱ्यात ठेवल्याने दुर्लक्षिला जातो.’ तिसऱ्या — ‘शत्रू वारंवार अन्याय्य कडेने येतात.’ मग ‘अन्याय्य कडेने’ जवळजवळ प्रत्येक लेखात. अठ्ठावीस खेळ, अठ्ठावीस निर्माते, सगळ्यांच्या माथी मी तिचा आजार मारला होता, आणि तोही उत्तम मराठीत.

डॉक्टर म्हणाल्या, ‘इतका व्यवस्थित इतिहास कुणी आणत नाही.’

माझ्या लेखनाला मिळालेली ही सर्वांत प्रामाणिक दाद. फाइल तिथेच टाकून यावंसं वाटलं.

सोमवार, २४ मार्च

निदान झालं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून मरत येतो. आधी रातांधळेपणा, मग कडा, मग मधली नळी बारीक होत जाते. औषध नाही. ‘थांबवता येतं का?’ ‘नाही.’ ‘मंद करता येतं का?’ ‘आशा ठेवा असं मी सांगणार नाही.’ बाईंच्या बोलण्यात अलंकार नाहीत. बरं वाटलं आणि अजिबात बरं वाटलं नाही.

म्हणाल्या, हे घराण्यातून येतं. वडिलांकडे कुणाला?

सौ. एकदम म्हणाली, ‘माझे बाबा संध्याकाळी भिंत धरून घरी यायचे.’ अख्खी गल्ली म्हणायची, घेऊन येतो. आई दारात तोंड फिरवून उभी राहायची. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. हे तिला आज, त्या खुर्चीत, कळलं. तिथे ती रडली — स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी.

‘मुलं?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘एक मुलगी. पोहायला शिकवते. दणकट आहे,’ सौ. म्हणाली. फार घाईने म्हणाली.

गुरुवार, २७ मार्च

खुलासा लिहायला बसलो. संपादकांना सगळं सांगितलं.  एवढंच छापायचं ठरलं — ‘९ मार्चच्या लेखात अंधाराचा जो दोष दाखवला तो खेळाचा नसून समीक्षकाचा होता.’ माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत लहान लेखन. एक शब्द कापला गेला नाही.

दुपारी सौ. म्हणाली, ‘चला, झडपा राहिल्यात.’ मी सांगायचं, तिने दाबायचं. ‘डावीकडून येतोय.’ ‘किती लांब?’ ‘बराच.’ ‘पंडित, बराच म्हणजे किती पावलं?’ मला अंतर सांगता येत नाही. विशेषणं येतात फक्त. ती मेली. पाटी आली — ‘पुन्हा सुरू करायचं?’

हा मी दोष म्हणून लिहिला होता. तिने बटण दाबलं. मी उजवीकडच्या पानावरून ती ओळ खोडली. डावीकडे मात्र लिहवली नाही.

शुक्रवार, २८ मार्च

मधली खोली रिकामी केली. टेबल हलवलं. तिच्या दोन्ही नडग्यांवर निळे डाग आहेत, जुने, नवे. एका घरात राहून मी ते पाहिले नव्हते. डोळे माझे चांगले आहेत, डॉक्टरांनी तपासले.

सोमवार, ३१ मार्च

मागची पानं चाळताना ११ तारखेशी थांबलो. बावीस वाचक. एकवीस विरुद्ध.

सौ.ला काही न बोलता कन्येला फोन लावला. मागे शिट्ट्या, पाणी, पोरांचा गलका. काय विचारावं सुचेना, म्हणून खेळाचंच विचारलं — पुढे गेलीस का गं?

‘नाही हो बाबा, सोडला मी तो,’ ती हसत म्हणाली. ‘कडेने येतात मेले. दिसतच नाहीत.’