येष्टीच्या थांब्यावरचा बाप

जळकोट,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

तीर्थरूप दादांस धाकट्या दगडाबाईचा सलाम. प्रभूच्या दयेनं हितं माझे गुडघे सोडून समदे खुशाल हायत. तुमची कंबर कशी हाय? वैनीला सलाम सांगा. वैनीच्या भाकरीनं तुमचे दात शाबूत ठिवले आसतील, तर हा कागद दार उघडं ठिवून मोठ्यानं वाचा.

मागल्या ऐतवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या वागण्यात लोकांना आकाशातला बाप दिसाया पायजे. दादा, म्या लई गोंधळले. मी रंडकी बाई, माझ्यात बाप कुठनं दिसावा? (मिशा हायत थोड्या, पण तेवढ्यावर भागंल आसं वाटंना.) भक्ती सुटल्यावर त्यांना गाठून इचारलं, की बाप करतो तरी काय. त्यांना भूक लागल्याली, त्यांनी उभ्या उभ्या ती जुनी गोष्ट सांगितली. पोरगं घर सोडून गेलं, बाप वाटंकडं डोळं लावून बसला, लांबनंच वळखून धावला, गळ्यात पडला, पायात जोडे घातले आन् पोसल्यालं वासरू कापलं. म्हणलं, एवढंच व्हय? आमचा शांतवन घर सोडून गेल्याला तीन महिने झाले. वासरू न्हाय, पण कोंबडा हाय.

सोमवारपास्नं रोज दुपारी येष्टीच्या थांब्यावर जाऊन बसले. गुरवारी धाराशिवच्या गाडीतनं पांढऱ्या सदऱ्याचा एक गडी उतरला. पाठ हुबेहूब शांतवनची. म्या धावले (माझं धावणं बघून कुत्री भुकायची थांबली), मागनंच गळ्यात पडले, लई रडले, त्याची कॉलर उसवली. मग त्यानं तोंड फिरवलं, तर ह्या भल्या मिशा. तो निघाला देवी टोचणारा हणमंतप्पा. आता चुकीच्या पोराच्या गळ्यात पडल्यावर बापानं काय करावं, ते पाळकसाहेबांनी सांगितलंच नव्हतं. सोडावं तरी लाज, धरून ठिवावं तरी लाज. तवर तोच हळू म्हणला, “आई, सोडू नका. मला बघून समदी गावं दारं लावत्यात. धावत आलेल्या तुमीच पयल्या.”

मग काय करती? घरी आणला. कोंबडा कापला, ह्यांचे जोडे त्याच्या पायात घातले, ते मापात बसले. वासावर शेजारची द्वारकाबाई चार नातवंडं घिऊन आली, मागनं आख्खी गल्ली. जेवून हात धुतल्यावर हणमंतप्पानं दाराला पाठ लावली आन् पिशवीतनं सुई काढली. एकबी सुटलं न्हाय. तवापास्नं गल्ली माझ्याशी बोलत न्हाय. पाळकसाहेब तेवढे म्हणाले, दगडाबाई, तुमच्यात बाप दिसला. (पण सुजलेला दंड धरून म्हणाले, म्हणून खरं किती धरावं कळंना.)

माझा खरा घोळ येगळाच हाय, दादा. त्या गोष्टीत पोरगं चुकतं आन् बाप माफी देतो. आमच्यात, पोरीकडली माणसं घरी आल्याली, शांतवन नवं धोतर नेसून बसल्याला, आन् म्याच गमतीनं सांगून बसले, की एवढा घोडा झालाय, पण ढग गडगडला की आजून माझ्या पदराखाली येतो. ती माणसं हसत हसत उठली ती हसत हसतच गेली. सोयरीक मोडली आन् पोरानं पिशवी उचलली. बापच चुकला आसंल, तर कुणी कुणाकडं धावायचं?

तुमची धाकटी,
दगडाबाई

ता. क. — वैनीनं मागल्या कागदात लिवलं, की हल्ली दळण पुरंना. तुमी दोघं म्हातारी किती खाताव? तवाच वळखलं, शांतवन तुमच्याकडंच हाय. म्हणून मोठ्यानं वाचा म्हणलं.

आनिक ता. क. — शांतवन, म्या चुकले. पोरीच्या बापाला जाऊन सांगून आले, की ढगाला मीच भेते, पोरगं मला धीर द्यायाला पदराखाली येतं. त्यो पुन्ना हसला, पण चहा दिला. गुरवारच्या गाडीनं ये. येताना डोक्याला लाल रुमाल बांध. माझ्या नजरंचा भरवसा न्हाय, आन् खुराड्यात एकच कोंबडी उरलीय.