भामाबाई मुंबईला येणार न्हाई

चि. दादासो यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडं माणसं, म्हशी समदी बरी हाईत, माझी कंबर सोडून. तुझी खुशाली इचारत न्हाई, ती तूच पानं भरून लिवलीयास. कंपनीनं गाणारी माणसं हुडकाय तुला नेमलं, वरीस झालं तरी तुझ्या हातनं एक तबकडी निघाली न्हाई, आन् आता दिवाळीपतूर गळा घावला न्हाई तर परत गोदामात खोकी बांधाय बसवणार. त्यात सांगलीच्या टेपातला एक आवाज साहेबाला आवडला, तो शेजारच्या भामाबाईचा, तवा तिला घेऊन तडक ये, असा तुझा हुकूम. वाचून कपाळाला हात लावला. आता मी लिवते ते नीट वाच.

साळूबाईला निवडलीस तू. तिच्यासारखी ओवी गावात कुणाची न्हाई हे खरं हाय. तिला सांगलीला नेलीस (जोडीला मी आन् भामाबाई, एकटी बाई लॉजवर कशी धाडायची), गादीवर बसवलीस, तोंडाफुडं यंत्र धरलंस आन् म्हणलास, गा. बाई गप. चहा पाजलास, खडीसाखर दिलीस, तरी गप. शेवटी कावून म्हणली, "मोकळ्या हातानं कुठं ओवी येती व्हय रं?" हे तुला ठावं पायजे व्हतं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून जात्याची घरघर ऐकत मोठा झालास तू. पण गावात गिरणी आली, जाती गेली कोंबड्यांच्या खुराड्यावर दाबाय, आन् तू गेलास मुंबईला.

मग दुसऱ्या दिवशी मीच यष्टीनं जातं आणलं. (कंडक्टर म्हणला, वरची तळी आन् खालची तळी, दोन पासिंजर धरणार. तू स्टँडवर त्याच्याशी इंग्रजीत भांडलास, त्याचा काय उपेग झाला न्हाई.) रिकामं जातं फिरवत न्हाईत म्हणून तुला जोंधळं आणाय धाडलं, तर तू आठवड्याचं दळण आणलंस. आन् एकदा सुपात घेतलं की अर्धं टाकून उठता येत न्हाई. साळूबाई आन् भामाबाई समोरासमोर बसल्या. साळूबाईनं यंत्र बघून रेडिओवरच्या बाईगत नाकात सूर लावला. मी मनात म्हणलं, संपलं. तेवढ्यात खालच्या खोलीत बेदाण्याचा व्यापारी जेवत व्हता, त्याच्या ताटात छताचा चुना पडला. मॅनेजर वरडत वर आला, आन् त्याची समजूत काढाय तू यंत्र चालू ठेवून जिना उतरलास, तो तासभर वर आला न्हाईस.

तू उतरलास आन् भामाबाई उठली. तिला गणपतीचं देऊळ बघायचं व्हतं, त्यापायीच ती आलीती. दळण तर तसंच पडलेलं. मग खुंट्याला हात कुणी लावायचा? मी लावला. पाठीत कळ, डोक्यात राग, तोंडात आलं ते म्हणलं:

बंधू आला गं गावाला, लोकाघरी त्याचा पाट
पाण्याचा तांब्या दारी, बहीण बघती वाट

तू वर आलास तवर भामाबाई परत येऊन जात्याशी बसलीती, म्हणून तुला ती वाटली. साहेबाला आवडली म्हणून तू लिवलंस ती हीच ओवी. ती माझी हाय, बसल्या जागी जुळवलेली, आन् तुझ्यावरच हाय. गेल्या साली तासगावात गाणारी हुडकाय आलास, पाव्हण्यांकडं उतरलास, आन् माझ्या दारावरनं गेलास. आवाज ओळखायचा पगार खातोस, आन् सख्ख्या बहिणीच्या आवाजाला भामाबाईचं नाव देतोस.

आन् त्या भामाबाईचं काय करू? तुझं पत्र तुझ्या दाजींनी पारावर मोठ्यानं वाचलं (पलटणीतनं आल्यापास्नं त्यांना हळू बोलता येत न्हाई). तवापास्नं ती गरम पाणी पिती, कुणाशी बोलत न्हाई, गळा जपती. नवऱ्यानं नवी ट्रंक आणलीया, तिच्यावर नाव रंगवून घेतलंया. तिला गाताना मी कवा ऐकलं न्हाई. आरतीलाबी ती नुसत्या टाळ्या वाजवती. तिला नेलीस तर साहेब तुला गोदामातबी ठेवायचा न्हाई. तिला काय सांगायचं ते तू येऊन सांग, माझ्या गळ्यात घालू नगंस.

राहता राहिले मी. मला बोलवू नगंस. म्हस वेताला आलीया, दाजींना भाकरी थापता येत न्हाई, आन् तबकडीवर गाणारी बाई म्हणल्यावर लोक काय बोलत्यात ते तुला ठावं हाय. साळूबाई आधीच माझ्याशी बोलायची बंद झालीया. मी दमले. दुसरी कुणी हुडक.

तुझी आक्का,
रंगूबाई

ता. क. दाजींना सांगितलं. ते म्हणले, मी इतकी वर्सं फुकट ऐकतोय, आता मुंबईनं ऐकावं. तवा येते. तुला खोकी बांधाय बसू द्यायची न्हाई. जातं तिथलं बघून ठेव, इथनं मी उचलायची न्हाई. आन् दळण मूठपसाच आण.

ता. क. आणखी एक. तबकडीवर रंगूबाई घालू नगंस, ते लग्नात सासूनं ठेवलेलं नाव हाय. मनुबाई घाल. आई-आबा गेल्यापास्नं ते नाव ठावं असलेला तू एकटाच उरलायस. साहेबानं इचारलं, ही कोण, तर आता तरी बरोबर सांग.