हळद चेहऱ्याला लागणार नाही

नारपोली, भिवंडी
बुधवार, ११ एप्रिल २००७

ती. आक्का,

रामनाथचा नमस्कार. आम्ही येथे सुखरूप आहोत. नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शेजारी ठेवून लिहीत आहे. दाजींचे गुडघे आता बरे असावेत. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस. कागद निदान मध्येच बोलणे तोडत नाही.

शनिवारी तुझ्या दिपालीला मी ठाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. तुला विचारले नाही, हा दोष माझा. तिला बोलू नकोस. तिच्या चेहऱ्याचे नेमके काय झाले आहे ते तुला समजले, तर पुढचे तूच ठरवशील, असा माझा विश्वास आहे.

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन लागले की त्या काळसर रंग बनवतात आणि खालच्या पेशींवर त्याची छत्रीच धरतात. म्हणजे काळवंडणे हा त्वचेचा पराभव नसून तिचा बंदोबस्त आहे! किती सुंदर योजना आहे, पाहा. मात्र ऊन फार झाले, त्यात उष्णतेची भर पडली, की काही स्त्रियांच्या गालांवर हा रंग डागाडागांनी साचतो. त्यालाच आपण वांग म्हणतो. त्यात कुणाची नजर नाही आणि देवीचा कोपही नाही.

तू विचारशील, तू आणि मी वर्षानुवर्षे भाताच्या खाचरात राबलो, आपल्याला कुठे वांग आले? रास्त प्रश्न आहे. आपण आवणीची रोपे लावायचो ती चिखलात, आणि भर दुपारी बांधावरच्या चिंचेखाली भाकरी सोडायचो. ती चिंच दाजींनी जमिनीबरोबर गोदामवाल्यांना दिली. आज तिथे गोदाम आहे आणि दिपाली त्याच गोदामाच्या आवारात सकाळी दहापासून ट्रकमधला माल मोजत उभी असते. खाली पांढरे काँक्रीट, बाजूला पत्रा. ऊन वरून येते तसे खालूनही उसळते. डोक्यावर ओढणी घेतली तरी हनुवटीखालून लागते. गेल्या रविवारी मी शाळेचा तापमापक घेऊन अंजूरला आलो होतो. दुपारी एक वाजता देवळाजवळच्या वडाखाली चौतीस अंश, गोदामाच्या पत्र्यालगत त्रेचाळीस. गाव तेच, सूर्य तोच, अंतर दोनशे पावलांचे. वॉचमन मला म्हणाला, "मास्टरजी, गोदाम को बुखार है क्या?" मी म्हटले, होय, आणि तो माझ्या भाचीला लागला आहे.

आता दिपाली चेहऱ्याला लावत होती त्या ट्यूबविषयी. तिच्यात स्टेरॉइड आहे. त्याने पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. तू दिवाळीनंतर सगळ्यांना कौतुकाने दाखवत होतीस तो हाच उजाळा. पण आतून त्वचा पातळ होत जाते, तिला ऊन सोसत नाही, लाली, पुरळ, बारीक लव येते आणि लावणे थांबवले की आग होते. डॉक्टरांनी ती ट्यूब बंद करून दुसरे औषध दिले आहे. काही आठवडे चेहरा अधिकच लाल दिसेल. लग्नातली हळदही त्यावर चोळायची नाही. ऊन टाळायचे, छत्री वापरायची, डॉक्टरांनी दिलेले मलम लावूनच बाहेर पडायचे.

तिला ती ट्यूब कुणी आणून दिली, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

तुझा
रामनाथ

—

नारपोली
रविवार, २२ एप्रिल २००७

ती. आक्का,

नमस्कार. दाजींच्या फोनवरून तुझा निरोप मिळाला. त्यांनी तो तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला: "तुजा शास्तर तुजे शालंत ठेव. माजे पोरीचा लगीन हाय. पंधरा दिस ट्यूब लावली त काय मरनार न्हाय ती." पाठोपाठ दाजी स्वतःहून म्हणाले, "आनी ती ट्यूब आनली कोनी, ता पन सांग, मास्तर."

दाजींनी विचारले ते बरे झाले.

ट्यूब मी आणली. एक नव्हे, पाच. बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेलो, "वांगावर काहीतरी द्या" म्हटले, त्याने दिली. चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. आत घडी घातलेला कागद होता. दरवर्षी नववीच्या मुलांना मी बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय प्रयोगाला हात लावू देत नाही. तो कागद मी उलगडलासुद्धा नाही.

याहून जे लपवले ते असे. हे स्थळ मीच आणले होते. लग्नाच्या सुपारीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या, शैलेशच्या, आईने मला बाजूला घेऊन सांगितले, "मास्तर, पोरगी चांगली हाय, जरा उजळ करा लगनापरत." त्या वेळी मी मान डोलावली. हसलोही. मी आणलेले स्थळ मोडू नये म्हणून भाचीच्या तोंडावर ओझे ठेवले. रंगाची छत्री आणि त्वचेचा बंदोबस्त तुला समजावणारा मी, त्या अंगणात एक वाक्य बोलू शकलो नाही.

ते वाक्य काल बोललो.

आधी लग्नात धवले गाणाऱ्या रंगूबाईंकडे गेलो. आपल्या लग्नांत धवलारीण सांगेल तसा विधी होतो, तिच्या शब्दापुढे भटजीही थांबतो. म्हणून तिलाच विचारले की हळद चेहऱ्याला न लावता चालेल का. बाई सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "हलद पायाला, गुडघ्याला, खांद्याला लावली का झाली. तोंडाला माखतान ती पोराटोरांची मस्करी. माजा तोंड बघ. आख्खा जल्म उनान मांडवाम्होरं उबी रायलू, कोन बोलला का काली धवलारीन नको?" नंतर माझ्याकडे रोखून पाहिले. "पन तू मना कनाला इचारतस? ज्यांना इचाराचा त्यांना भितस काय?"

तिथून सरळ दिपालीला घेऊन शैलेशच्या घरी गेलो. तिने तोंडावर ओढणी घेतली नाही. गाल लाल, कपाळावर पापुद्रे. शैलेशच्या आई पाणी द्यायचे विसरल्या. मी उभ्या उभ्याच सांगितले, "चूक माझी आहे. उजळ करतो म्हणून मान डोलावली, ती मान परत घेतो. ही मुलगी जशी आहे तशीच येईल."

त्या म्हणाल्या, "आमी न्हाय बोलत न्हाय. पन चेहरा बरा होईपरत थांबू. दिवालीनंतर लावू. लोकं काय बोलतील?"

मी उत्तर जुळवत होतो. दिपाली माझ्याआधी बोलली. "आई, तारीख नाय हलणार. सहा मेला मांडव असेल. माझं तोंड बघून लग्न लावायचं असेल तर हे तोंड बघा. नसेल तर आत्ताच सांगा, मी सोमवारी ड्युटीवर जाते."

शैलेशने बसल्या जागेवरून आईला विचारले, "लोकं बोलतील ती माझ्या हाताला पण बोलतील का?" त्याने शर्टाची बाही वर केली. टेम्पो चालवताना खिडकीत असतो तो उजवा हात कोपरापासून खाली करपलेला, वरचा गोरा. आई म्हणाली, "तू पुरुष हायस." तो म्हणाला, "ऊन इचारून लागतंय काय?" आणि दिपालीसाठी पाणी आणायला आत गेला.

त्यांनी तारखेला अजून होकार कळवलेला नाही. कदाचित कळवतील, कदाचित नाही. परतताना दिपाली रिक्षात रडली, मीही रडलो.

उरलेल्या दोन ट्यूबा तुझ्या कपाटात आहेत, हे तिने मला सांगितले. त्या आज फेक. मामा म्हणून मला तिच्या मागे उभे करायचे नसेल, तर दुसरा कुणी उभा कर; तो अधिकार मी माझ्या हाताने घालवला आहे. मात्र सहा तारखेला मी मांडवात असेन, पाटावर नसलो तर दाराशी, आणि तिच्या चेहऱ्याकडे कुणाचाही हात गेला, अगदी तुझा गेला, तरी तो धरीन.

तुझ्यापुढे प्रथमच न घाबरता,
रामनाथ